अक्कांचं पुस्तक आणि माझं खोडरबर

एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, पंख्याखाली बसून, पूर्ण शुद्धीत, मी माझ्या थोरल्या मेहुणीची अकरा महिन्यांची मेहनत साडेतीन तासांत खोडून टाकली.

रागानं नव्हे हो. प्रेमानं. शिवाय उत्तम प्रतीच्या खोडरबरानं.

त्याचं असं झालं. मी निवृत्त कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली नीट लावल्या, आता स्वतःची पुस्तकं नीट लावतो. एक हजार एकशे चाळीस पुस्तकं आहेत माझ्याकडे. प्रत्येकाला खाकी कव्हर, पाठीवर नंबर. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवत नाही, पान दुमडत नाही, आणि पुस्तक पूर्ण उघडतसुद्धा नाही, कारण त्यानं शिवण सैल होते. दाराच्या फटीतून शेजाऱ्याकडे बघावं तसा मी पुस्तकात बघतो. नातेवाइकांत माझी कीर्ती अशी, की लोक चप्पल शिवायला टाकावी तशी माझ्याकडे पुस्तकं कव्हराला टाकतात.

अक्कांनीही तेच केलं होतं. शनिवारी येता येता पुस्तक टेबलावर आपटून म्हणाल्या, "भावजी, कव्हर घालून ठेवा. वाफेनं पार पापड झालाय त्याचा. सोमवारी नेते."

इथं अक्का कोण ते सांगायला हवं. आमच्या हिची सख्खी थोरली बहीण. एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत बावीस वर्षं नोकरी. गेली बावीस वर्षं मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे "साखर जरा कमी घाल" हेसुद्धा त्या आग लागल्यासारखं सांगतात. मनगटं अशी, की त्यांनी पिळलेल्या टॉवेलमधून दुसऱ्या कुणाला थेंब काढता आलेला नाही. पहिली अकरा वर्षं घड्यांच्या टेबलावर गेली, पुढची अकरा बॉयलरवर. बॉयलर म्हणजे लाँड्रीच्या मागच्या खोलीतला तो लोखंडी हत्ती. पेशंटची चादर असो की सर्जनचा झगा, त्याच्या वाफेशिवाय कुणाची सुटका नाही. तो चालवायचे बॉयलरकाका, आणि अक्का त्यांच्या हाताखाली. कागदावर 'मदतनीस', प्रत्यक्षात काका स्टुलावर आणि अक्का बॉयलरपाशी.

बॉयलरकाका आता निवृत्त होणार होते. बॉयलर चालवायला सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी तोंडी परीक्षा असते, आणि हॉस्पिटलनं सांगून टाकलं होतं की आपल्यातलं कुणी पास झालं तर ठीक, नाहीतर ठेकेदाराचा माणूस बसवू. अक्का एकदा नापास झाल्या होत्या. दुसरी संधी शेवटची.

पहिल्यांदा नापास झाल्या त्याची हकिगत अक्का स्वतःच रंगवून सांगतात. बॉयलरचं पुस्तक त्यांनी तीनदा वाचलं होतं. ओळीखाली बोट धरून, "हं… हं… बरोबर…" करत, अगदी कीर्तनाला बसल्यासारखं. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, काचेत पाणी दिसत नाहीये. काय कराल?" बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तीत दिसतं. ती रिकामी म्हणजे आत पाणी नाही. अक्का ताडकन म्हणाल्या, "पंप लावीन! पाणी सोडीन!"

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडलंत, तर तुम्ही, बॉयलर आणि लाँड्री एकदमच वर जाल. कुणाला निरोप द्यायचा ते आधी सांगून ठेवा."

आणि हीच ताकीद पुस्तकात एकतिसाव्या पानावर ठळक अक्षरांत होतं. तीनदा त्यावरनं बोट फिरलं होतं.

त्या दिवशी अक्का घरी न जाता सरळ बॉयलरखोलीत गेल्या आणि काकांना म्हणाल्या, "तीनदा वाचलं आणि एकदाही आत गेलं नाही. मळ तसाच ठेवून वरनं इस्त्री फिरवत होते मी."

तिथून त्यांनी वाचायची रीतच बदलली. लाँड्रीत वॉर्डातून गाठोडं आलं की कुणी ते अख्खं मशीनमध्ये कोंबत नाही. आधी निवड होते: हे नुसतं धुवायचं, हे भिजत घालायचं, हे घासायचं. त्याच्या खुणा असतात. अक्कांनी त्याच खुणा पुस्तकाला लावल्या. पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि त्या पानात काय होतं ते धुलाईच्या मशीनला मोठ्यानं सांगायचं. सांगता आलं तर समासात टिंब. कळलं नाही तर वर्तुळ, म्हणजे भिजत. दुसऱ्या दिवशी परत त्याच्याकडे यायचं, आणि सुटलं की वर्तुळात टिंब द्यायचं. पटलं नाही तर फुली. फुली म्हणजे घासायचं. पुस्तकाशी भांडायचं, बॉयलरपाशी जाऊन खरं-खोटं करायचं, आणि जे दिसलं ते स्वतःच्या शब्दांत समासात लिहायचं. एप्रनच्या बंदाला पेन्सिल बांधलेली. अकरा महिने.

यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. माझ्यासमोर आलं ते एक दोनशे पानी पुस्तक, ज्याच्या समासात मुंग्यांची वरात निघाली होती. टिंबं काय, वर्तुळं काय, फुल्या काय! एकतिसाव्या पानावर तर फुली इतकी जोरात मारली होती की कागद फाटला होता. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'म्हणजे कुकरची शिट्टीच की!' आणि एका आकृतीशेजारी चक्क, 'हे खोटं! जाऊन बघ!'

माझ्यातला वाचक कळवळला. छापील पुस्तकाला खोटं म्हणायचं? हे नक्की लाँड्रीतल्या कुणाचं तरी काम. बिचाऱ्या अक्का! भिडेपोटी बोलल्या नसतील. (अक्का आणि भीड! पण दुपारच्या जेवणानंतर माणसाला काहीही सुचतं.) म्हटलं, नुसतं कव्हर काय घालायचं, पुस्तक अगदी नवं कोरं करून देऊ. आणि खोडरबर काढलं.

संध्याकाळी आमची ही झोपून उठली, तेव्हा टेबलावर खोडरबराच्या काळ्या अळ्यांचा ढीग होता आणि मी एकशे अठ्ठ्याण्णवाव्या पानावर होतो.

"हे काय चाललंय?"

"स्वच्छता. तुझ्या अक्काचं पुस्तक कुणीतरी खराब केलं होतं. बघ आता, दुकानातनं आणल्यासारखं."

तिनं पुस्तक उचललं, पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि खुर्चीवर बसली. बसली म्हणजे, खुर्ची होती म्हणून बसली म्हणायचं.

"अहो," ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी परीक्षा आहे तिची. आठ दिवस त्या खुणा बघून उजळणी करणार होती ती."

मी हातातलं खोडरबर खाली ठेवलं. ठेवताना ते झिजून केवढंसं झालंय ते दिसलं.

आता यापुढे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. शहाणा माणूस फोन उचलून कबुली देतो. मी पेन्सिल उचलली. पहिल्या पंचवीस-तीस पानांवर कागद उजेडात धरला की पूर्वीच्या खुणांचे वळ दिसत होते. त्यावरून गिरवलं. पुढं वळ दिसेनात, तेव्हा अंदाजानं गिरवलं. आणि त्याही पुढं अंदाज संपला, तेव्हा सढळ हातानं वाटप केलं. दर पानाला दोन टिंबं, एक वर्तुळ, आणि मध्येच चवीपुरती फुली.

"चोरी करायलासुद्धा अक्कल लागते हो," ही म्हणाली, आणि दिवा लावायला गेली.

सोमवारी अक्का ड्यूटी संपवून आल्या. कव्हर बघून खूश. "वा भावजी! कोपरे बघा कसे बसलेत. डॉक्टर टाके घालतात तेसुद्धा इतके सरळ नसतात." मग सहज पुस्तक उघडलं. पान उलटलं. थांबल्या. आणखी एक उलटलं.

"भावजी, ही फुली कुणी मारली?"

"तुम्हीच की."

"मी? छापखान्याच्या पत्त्याशी माझं काय भांडण?"

मी पंख्याकडे बघितलं. पंखा माझ्या मदतीला येईना.

"आणि हे वर्तुळ. अनुक्रमणिका मी भिजत का घालीन?"

"अवघड असते काही काही अनुक्रमणिका," मी म्हणालो.

"ए अक्का," आतून हिचा आवाज आला, "त्यांना आता आणखी बोलू देऊ नकोस. अजून खड्ड्यात जातील."

मग मी सगळं सांगितलं. खोडरबर, साडेतीन तास, बिचाऱ्या अक्कांबद्दलचा कळवळा, सगळं. मला वाटलं, आता खिडक्यांच्या काचा फुटणार. पण अक्का ओरडल्या नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसल्या, आणि इतक्या हळू बोलल्या की मी पहिल्यांदाच पुढं वाकून त्यांचं बोलणं ऐकलं.

"सात दिवस राहिले. या वेळी गेलं तर ठेकेदाराचा माणूस येणार आणि मी परत घड्यांच्या टेबलावर. दिवसाला नऊशे चादरी. ते करीन मी, मनगटं अजून आहेत. पण तो माणूस माझ्या बॉयलरला हात लावणार ना, भावजी. त्याला काय माहीत, सकाळी तो पहिल्यांदा खोकतो तेव्हा घाबरायचं नसतं ते."

कव्हर चांगलं झालंय, हे परत सांगण्यात अर्थ नव्हता.

चहा संपला, कप बशीत ठणकन बसला आणि अक्कांचा आवाज जागेवर आला. "उद्यापासून रोज पाच वाजता माझ्याकडे यायचं. मी शिकवणार, तुम्ही शिकायचं."

"मी? बॉयलर?"

"पुस्तकातलं गेलं, आता डोक्यात काय राहिलंय ते काढून बघते. त्याला समोर माणूस लागतो. आधी मी ह्यांना शिकवायचे." 'ह्यांना' म्हणजे त्यांचे यजमान, हॉस्पिटलच्या फाटकावर वॉचमन. "पण ते सगळ्याला 'बरं' म्हणतात. 'बॉयलर फुटला' म्हटलं तरी 'बरं'. अशा माणसाला शिकवून काही पक्कं होत नाही. तुम्ही बरे. तुम्ही प्रत्येक गोष्टीत नाक खुपसता."

माझ्या आयुष्यात माझ्या या गुणाची कुणी कदर केल्याचा हा पहिलाच प्रसंग.

मंगळवारी पाचला मी हजर. अक्कांची खोली छोटी. एका भिंतीशी पलंग, दुसरीशी शिलाईमशीन, आणि खिडकीबाहेर हॉस्पिटलच्या लाँड्रीचं धुराडं. पुस्तक मिटलेलं, अक्कांच्या मांडीखाली. त्या बोलू लागल्या. जाळ कुठं, पाणी कुठं, वाफ कुठून निघते आणि कुठं जाते, दाब वाढला की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह कशासाठी. अर्धा तास मी मान डोलावत होतो.

"कळलं?"

"कळलं ना! फार सुंदर सांगता तुम्ही."

"मग सांगा."

"काय?"

"हेच. जे कळलं ते."

मी तोंड उघडलं. "तर… बॉयलर… यात पाणी असतं. ते तापतं. आणि मग…" पुढं सगळी वाफ.

यजमान कोपऱ्यातून म्हणाले, "बरं."

"बघितलंत?" अक्का म्हणाल्या. "मान हलते तेव्हा डोकं बंद असतं. माझंही असंच झालं होतं. पहिल्यापासून सांगते, पण आता दर दोन मिनिटांनी तुम्ही मला अडवायचं. नाही अडवलंत तर चहा नाही."

चहासाठी मी अडवू लागलो. हे असंच का, ते तसंच का, आणि नसेल तर काय. अक्का उत्तर द्यायच्या, अडल्या की पुस्तक काढून समासात वर्तुळ, नाही अडल्या तर टिंब. माझी खोटी टिंबं त्या आधी माझ्याच खोडरबरानं, माझ्याकडूनच, खोडून घ्यायच्या. एकतिसाव्या पानापाशी मात्र पुस्तक उघडलंच नाही. "इथं कागद फाटलाय," त्या म्हणाल्या. "तो नाही खोडता आला तुम्हाला."

बुधवारी अक्का आमच्याकडे आल्या होत्या. धडा संपला तसं त्यांचं लक्ष माझ्या कपाटांकडे गेलं. चारशे सतरा नंबरचं पुस्तक ओढून काढलं.

"यात काय आहे?"

"उत्तम पुस्तक आहे ते! अतिशय वाचनीय."

"गोष्ट काय आहे?"

"गोष्ट अशी, की एक माणूस असतो."

"बरं."

"तो… बराच अडचणीत येतो."

"कसल्या?"

"फार मोठ्या."

आतून हिच्या हसण्याचा आवाज. मी घाईघाईनं म्हणालो, "पण ते कुठल्या दुकानातून घेतलं ते सांगतो. कोपऱ्यावरच्या. पाऊस होता त्या दिवशी. मुखपृष्ठ निळं आहे, कव्हराखाली."

अक्कांनी आणखी तीन पुस्तकं काढली. एकातला माणूस परदेशी जायचा, एकातला यायचा, आणि तिसऱ्यातली बाई होती की माणूस हेच मला आठवेना. अक्कांनी चारही पुस्तकं हलक्या हातानं जागच्या जागी ठेवली. त्या हलक्या हाताचा मला जास्त राग आला.

"भावजी, तुमच्या घरात एक हजार एकशे चाळीस चादरी आहेत. आणि एकीवरही कुणी झोपलेलं नाही."

त्या दिवशीचा चहा मी कपाटांकडे पाठ करून प्यायलो.

गुरुवारी त्या मला बॉयलरखोलीत घेऊन गेल्या. काकांनी स्टूल देऊ केलं, त्यावर त्यांचा डबा होता म्हणून मी उभाच राहिलो. गरम लोखंडाचा आणि ओल्या कापडाचा वास, पायाखालची फरशी सारखी थरथरणारी. अक्कांनी ती काचेची नळी दाखवली. वर एक कॉक, म्हणजे दांडीची तोटी, खाली एक कॉक, दोन्हींच्या दांड्या खाली लोंबणाऱ्या.

"आता कॉक चालू की बंद?"

मी हुशारी दाखवली. "बंद! घरच्या नळाला दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी गेली की बंद. इथं पाइप आडवा आहे आणि दांडी खाली लोंबतेय. म्हणजे बंद."

"चुकलात. चालू आहेत. इथं उलटं असतं."

"पण पुस्तकातल्या आकृतीत तर दांडी पाइपाच्या रेषेत आहे, आणि खाली 'चालू स्थिती' लिहिलंय. मी स्वतः पाहिलंय."

"पाहिलंत. आणि शेजारी मी काय लिहिलं होतं तेही पाहिलंत."

'हे खोटं! जाऊन बघ!' मला आठवलं. ते खोडताना मी पुस्तकाची अब्रू वाचवल्याच्या समाधानात होतो.

"पण मग उलटं का?" मी चिडून म्हणालो. "जगातले सगळे नळ एका रीतीचे, आणि हेच तेवढे वाकड्यात शिरलेले. का?"

अक्का उत्तर द्यायला वळल्या आणि तशाच राहिल्या.

"का म्हणजे?"

"म्हणजे कारण काय?"

अकरा वर्षं त्या दांड्या त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत होत्या. पुस्तकात कारण नव्हतं. काकांना विचारलं तर ते डोकं खाजवून म्हणाले, "उलटं असतं म्हणून उलटं असतं." अक्कांनी पुस्तक घेतलं आणि समासात जागा असताना, माझ्या त्या सुबक खाकी कव्हरावर, ऐन मध्यावर, बशीएवढं वर्तुळ काढलं. मी डोळे मिटून घेतले.

शुक्रवारी मी त्यांच्या जिन्यावर असतानाच वरून आवाज आला, "सुटलं, भावजी! थरथर! ती फरशी थरथरते ना, ती!" पूर्ण हकिगत मी दारात चपला घालूनच ऐकली. यजमान मागून 'बरं' म्हणत होते. शनिवार, रविवार उजळणी. रविवारी रात्रीच्या जेवणाला बसण्याआधी अक्कांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "आता काय आहे ते इथं आहे," आणि पदरानं कपाळ पुसलं.

सोमवारी परीक्षेला मी बरोबर गेलो. ही म्हणाली होती, "तुम्ही जा, पण तिथं कुणाचं भलं करू नका." मी बाहेरच्या बाकावर बसलो. दारावरची झडप उघडी होती, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं. खरं म्हणजे अक्का आत असताना झडप बंद असती तरी चाललं असतं.

परीक्षक मागचेच, चष्मेवाले. प्रश्नही मागचाच.

"काचेत पाणी दिसत नाही. काय कराल?"

मी बाकाची कड घट्ट धरली.

"आधी जाळ बंद. पंपाला हात नाही. मग काचेचे कॉक तपासायचे, खरंच पाणी नाही की काचच तुंबलीय ते बघायला. पाणी नसेल तर बॉयलर पूर्ण गार होईपर्यंत थेंब सोडायचा नाही, आणि साहेबांना कळवायचं."

"पंप का नाही?"

"मागच्या वेळी लावला होता, साहेब. तुम्ही म्हणालात, सगळे वर जाऊ. मला अजून खाली पुष्कळ कामं आहेत."

खुर्ची करकरली. परीक्षक हसले असावेत, किंवा सावरून बसले असावेत. मग कागदाची सळसळ. पुढचे सात-आठ प्रश्न अक्कांनी घड्या घालाव्यात तसे हातावेगळे केले. आणि मग,

"या आकृतीत काचेच्या कॉकची चालू स्थिती दाखवा."

मी बाकावरच दाराकडे सरकलो.

"साहेब, ही आकृती चुकलीय."

"पुस्तक चुकलंय म्हणता?"

"पुस्तक बरं आहे. चित्र आडवं पडलंय. चालू असताना दांड्या खाली लोंबतात. मी रोज बघते."

"नळाच्या उलट? का बरं?"

"बॉयलर सारखा थरथरतो, साहेब. दांडी सैल झाली की आपल्या वजनानं खाली येते. खाली येऊन कॉक बंद होणार असता, तर काचेत जुनं पाणी अडकून बसलं असतं. आत बॉयलर कोरडा आणि बाहेर काच भरलेली. मी आपली निवांत स्टुलावर. म्हणून पडली तरी चालूच राहील अशी दांडी केलीय."

आत चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग परीक्षकांनी विचारलं, "हे कुठं वाचलंत?"

"वाचलं नाही. एका माणसानं फार त्रास दिला, तेव्हा शोधावं लागलं."

बाकावर बसल्या बसल्या माझी छाती दोन इंच फुगली.

अर्ध्या तासानं अक्का बाहेर आल्या. हातातला कागद माझ्यापुढं धरला. सही, शिक्का, आणि त्यांचं पूर्ण नाव. मी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा अक्षरं पाण्यातून बघावीत तशी दिसू लागली. अक्कांनी कागद ओढून घेतला. "भिजवू नका. वाळवायला वेळ नाहीये, दोनची पाळी आहे."

हॉस्पिटलच्या फाटकाजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. अक्कांनी पुस्तक टेबलावर ठेवलं होतं. कव्हरावर ते बशीएवढं वर्तुळ, आणि त्यात आता मधोमध एक टिंब. मी खिशात हात घातला, तर तिथं पेन्सिल लागली. सकाळी निघताना मीच टाकली होती. चारशे सतरा नंबरचं पुस्तक आदल्या दिवशी पुन्हा वाचायला घेतलंय. पाचव्या पानावर एक टिंब दिलंय, सवय नाही म्हणून जरा स्वल्पविरामासारखं दिसतं. त्या माणसाची अडचण काय ते मला आता ठाऊक आहे. त्याच्या सासरची माणसं.

चहाचा दुसरा घोट घेतला आणि माझ्यातला कारकून जागा झाला. म्हटलं, हिशेब स्पष्ट आहे, बोलून टाकावं.

"अक्का, एक विचारू? मी खुणा खोडल्या नसत्या तर तुम्ही नुसत्या त्या बघत बसला असता. मला शिकवलं नसतंत, मी 'का' विचारलं नसतं, आणि त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आलं नसतं. म्हणजे बघायला गेलं तर, या सर्टिफिकेटात थोडा वाटा माझ्या खोडरबराचाही आहे की नाही?"

अक्कांनी कप ठेवला, एप्रनच्या बंदाची गाठ आवळली, पुस्तक काखेत मारलं आणि उठता उठता म्हणाल्या,

"डाग पडला म्हणून चादर धुतली गेली, तर बक्षीस काय डागाला द्यायचं, भावजी?"